तांबेऱ्याच्या तोंडचा शब्द

निबेच्या चिरेत एक तंतू अडकला होता. केसाहून बारीक, बहुधा शाई टिपायच्या फडक्याचा. पण त्याने 'माफ'मधल्या 'म'चा पाय फेंदारून टाकला होता, आणि तो चिमट्याने ओढून काढायचं सोडून ती निब दिव्याखाली धरून नुसती बघत बसली होती — दोन पात्यांच्या मधोमध तो इतका नेमका बसला होता की नक्की कोणत्या पात्याला चिकटलाय ते सांगता येत नव्हतं. डावं दाबलं की उजवीकडे सरके, उजवं दाबलं की... अशाने सव्विसावं पान साडेचारला छापखान्यात जायचं नाही. तिने तंतू काढला, निब पाण्यात बुडवून पुसली, 'म'चा पाय पांढऱ्या रंगाच्या एका ठिपक्याने सरळ केला आणि पुढची अक्षरं घातली.

चित्रकथेत तिचं काम एवढंच. गोष्ट लेखकाची, चित्रं चित्रकाराची. माणसांच्या तोंडाशी तरंगणारे फुगे आणि फुग्यांतली अक्षरं तिची. ऑफिसात तिला सगळे फुगेवाली म्हणत. गेली अकरा वर्षं खिडकीजवळच्या तिरक्या टेबलावर बसून ती फुगे भरत आली होती, आणि तिची एक पद्धत होती: आधी फुग्यातली सगळी अक्षरं वरच्या रेघेशिवाय लिहून घ्यायची, अंतरं बघायची, आणि सगळं बसलं अशी खात्री झाली की मग एकेका शब्दावर एका झटक्यात रेघ ओढायची. रेघ ओढेपर्यंत शब्द हा शब्द नसतोच. नुसती अक्षरं शेजारी शेजारी उभी असतात, एका रांगेतल्या अनोळखी माणसांसारखी. रेघ पडली की ती एका घरची होतात.

तिने रेघा ओढल्या. पानावरचा शेवटचा फुगा पुरा झाला.

फुगा एका सोळा वर्षांच्या मुलाचा होता. तांबेरा त्याचं नाव, कारण तो हात लावेल त्या लोखंडाची लाल भुकटी होते. लेखकाने पहिल्या अंकात त्याच्या जातकुळीला 'उत्परिवर्तित' असा शब्द लिहून दिला होता. तो एकाही फुग्यात मावेना तेव्हा तिने समासात 'हा फुगा आहे, गोदाम नाही' असं लिहून पान परत पाठवलं, आणि तेव्हापासून सगळे मुकाट म्युटंट झाले. तांबेऱ्याचा बाप शहराचा नगरपाल, अंगावर सदैव पोलादी चिलखत. त्याने एके दिवशी म्युटंट लोकांच्या वस्तीचा दरवाजा बाहेरून बंद करायचा हुकूम दिला, आणि दरवाजाच्या आत तांबेऱ्याची आई राहिली. मामाने तान्ह्या तांबेऱ्याला उचललं, भुयारात वाढवलं, रोज एकच धडा शिकवला: मोठा हो आणि त्या चिलखताला हात लाव. आता तो मोठा झालाय. सव्विसाव्या पानावर त्याचा तळवा बापाच्या छातीपासून बोटभर अंतरावर आहे, आणि मध्ये एक मुलगी उभी आहे — बापाच्या दुसऱ्या घरातली, त्याची सावत्र बहीण, तीही म्युटंटच. तिने हात लावला की तुटलेलं लोखंड सांधलं जातं. ती म्हणते, 'दादा, थांब.' तो तिला उत्तर देतो. अंक संपतो.

दादा, थांब. हा फुगा सकाळी भरताना तिचा हात अडखळला होता, आणि का अडखळला ते तिला ठाऊक होतं.

काल संध्याकाळी घरी फोन आला होता. अनोळखी नंबर. पलीकडून एक घोगरा, दबलेला आवाज म्हणाला, "ताई?"

आणि ती अगदी सहज म्हणाली, "ताई अजून आलेली नाही. कोण बोलतंय?"

तो गडबडला. मग, "नाही... म्हणजे तुम्हीच. तूच. मी तुलाच म्हणतोय ताई."

चौतीस वर्षांत तिला कोणी ताई म्हटलं नव्हतं. ती शेंडेफळ. ताई म्हणजे ताई, दुसरं माणूस — अकरा वर्षांनी मोठी, आई गेल्यावर जिने तिची वेणी घातली, वह्यांना कव्हरं घातली, तापात रात्र रात्र उशाशी बसली. चष्म्याच्या दुकानात काचा घासून घासून जिच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली ती. तो शब्द असा परस्पर दुसऱ्याच्या अंगावर कसा घालता येईल? तिला आधी हसूच आलं होतं. मग कळलं, हा तो. लिफ्टवाला.

त्याला ती एकदाच भेटली होती, चार वर्षांपूर्वी, ह्याच इमारतीत. लिफ्ट बंद पडली होती आणि कंपनीने माणूस पाठवला होता, ती जिन्याशी वाट बघत असताना तो माणूस लिफ्टच्या खड्ड्यातून अर्धा वर आला, ग्रीसने काळे झालेले हात पुसत तिच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तुम्ही पाटीवाल्या पेंटरांच्या धाकट्या ना? मी त्यांचा मुलगा." खड्ड्यात कमरेपर्यंत उभा असलेला सावत्र भाऊ. ती तशीच जिन्याने पाच मजले चढून गेली होती, आणि लिफ्ट दुरुस्त झाली तरी पुढे महिनाभर जिनाच चढत होती. ताईला हे सांगितलं नव्हतं. गुडघे दुखतात एवढंच सांगितलं होतं, आणि ताई म्हणाली होती, "मग लिफ्टने जात जा की, बंद आहे का?"

काल तो म्हणाला, "आपल्या बाबांचं उद्या सकाळी ऑपरेशन आहे."

आपल्या.

"घशाचं. आतली पेटी काढणार आहेत, आवाजाची. नंतर बोलता येणार नाही त्यांना. कधीच नाही. म्हणजे जीवाला तसा धोका नाही म्हणतात डॉक्टर, पण बोलायचं ते आजउद्याच काय ते. उद्या पहाटेच आत नेणार. आज पाच ते सात सोडतात भेटायला—" मग त्याने स्वतःच चूक सुधारली. आज नव्हे उद्या, आणि ऑपरेशन परवा. दोन दिवस झोप नाही, वार कळेनासे झालेत. "मी काही ये म्हणत नाही. मीसुद्धा मध्ये चार वर्षं बोलत नव्हतो त्यांच्याशी. फक्त नंतर तू म्हणू नयेस, की सांगितलं नाही."

फोन ठेवताना तो पुन्हा ताई म्हणाला.

म्हणजे आज. पाच ते सात.

ताईला तिने सकाळी सांगितलं, ताई दारात चपला घालत असताना. समोर बसून सांगायची हिंमत नव्हती. ताईने एक पट्टा लावला, दुसरा लावला, सरळ झाली आणि म्हणाली, "आम्हाला वडील नाहीत. त्या मुलाला हे सांगता आलं नाही तुला?"

"तो म्हणत होता की आवाज—"

"आईच्या शेवटच्या आठवड्यात मी त्यांच्या दारात तासभर उभी होते. आतून रेडिओ ऐकू येत होता. ती बाई म्हणाली, घरी नाहीत. तेव्हा होता ना आवाज? तेव्हा आला का कामाला?" मग पिशवी खांद्याला लावून, अगदी शांतपणे: "तुला जायचं तर जा. पण तिथून इकडे यायचं नाही."

दार लागलं. आणि त्या क्षणी तिला काय वाटलं असेल, तर सुटल्यासारखं. ठरलं. ताईने ठरवून टाकलं. नेहमीसारखं... मग बसमध्ये बसल्यावर ते सुटल्यासारखं वाटणंच टोचायला लागलं, चपलेत खडा जावा तसं.

तिने पान टिपकागदाने हलकेच दाबलं आणि काकांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. काका म्हणजे मुद्रितशोधक; तीस वर्षं एका दैनिकात चुका काढून निवृत्त झालेले आणि आता इथे, त्यांच्याच शब्दांत, व्यसन म्हणून चुका काढणारे. ते पान शेवटाकडून उलटं वाचत, म्हणजे अर्थाच्या नादाने डोळा फसत नाही. त्यामुळे शेवटचा फुगा पहिला.

ती टेबलाशी परतून निब धुते न धुते तोच मागून हाक आली.

"फुगेवाली, इकडे ये गं जरा. मूळ प्रतीत काय आहे, वाच बघू मोठ्याने."

तिने वाचलं. "'आम्ही याला कधीच माफ करणार नाही.'"

"आणि तू काय घातलंयस?"

तिने पानाकडे बघितलं. "'आम्ही याला कधीच—'"

"डोळे उघडून वाच."

तिने पुन्हा वाचलं आणि पुन्हा तिला 'आम्ही'च दिसलं. काकांनी शब्दाखाली नख ठेवलं तेव्हा कुठे अक्षरं आपापल्या जागी उभी राहिली. आ. प. ण. वर तिनेच ओढलेली, सरळ, एका झटक्यातली रेघ.

"एका शब्दाची तर चूक आहे," ती म्हणाली. तिचे कान तापले होते.

"एका शब्दाची? अगं, एका शब्दात पोरगं पक्ष बदलून मोकळं झालं! 'आम्ही' म्हणजे तो आणि मामा. 'आपण' म्हणजे तो आणि समोरची पोर. मामा गेला की वाऱ्यावर!" काकांना अशी चूक सापडली की त्यांचा दिवस सोन्याचा होई, त्यांनी लगेच आतल्या खोलीकडे मान वळवून हाक मारली, "लेखकमहाशय, या. तुमचा तांबेरा फितूर झालाय."

लेखक सकाळी शाळेत भूगोल शिकवी आणि दुपारी इथे येऊन शहरं उद्ध्वस्त करी. तो आला, पान हातात घेतलं आणि शेवटचा फुगा दोनदा वाचला. तो ओरडेल अशी तिची तयारी होती. पण तो ओरडला नाही, आणि तेच जास्त वाईट होतं.

"सहा अंकांत," तो शेवटी म्हणाला, "हा मुलगा ह्या बहिणीशी सात वेळा बोलतो. सातही वेळा 'आम्ही' म्हणतो. आम्ही भुयारात राहतो. आमची आई. एकदासुद्धा 'आपण' म्हणत नाही. तुझ्या लक्षात आलं असेल, तूच लिहितेस सगळं."

तिच्या लक्षात आलं नव्हतं. अकरा वर्षं अक्षरं लिहून लिहून ती वाक्यं वाचायचं विसरली होती.

"तो शब्द मी राखून ठेवला होता. शेवटच्या अंकासाठी. आणि तू एक अंक आधीच त्याच्या तोंडून वदवलास."

"मी आत्ता बदलते. पंधरा मिनिटं."

"हो, बदलशील गं, प्रश्न तो नाही..." त्याने पान पुन्हा डोळ्यांजवळ नेलं. "गंमत म्हणजे वाईट दिसत नाहीये. 'आपण याला कधीच माफ करणार नाही.' म्हणजे तिलाही आत ओढतोय. तिचेही काही हिशेब असतील बापाशी, हे आजवर कुणी तिला विचारलंच नाही. मीसुद्धा नाही." मग भानावर येऊन त्याने पान तिच्या हातात दिलं. "नको. बदल. मला घाबरायला होतंय."

"शेवटच्या अंकात तो माफ करतो?" तिच्या तोंडून गेलं.

"ते कुठे म्हटलं मी? तो 'आपण' म्हणतो एवढं मला माहीत आहे. पुढे काय म्हणतो ते अजून लिहायचंय. 'आपण याला मारू' असंही म्हणेल. काय सांगावं."

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही?"

"मला कळलं असतं," लेखक म्हणाला, "तर इतके अंक कशाला काढले असते?"

काका खिदळले. "शाबास! आणि मुलांना परीक्षेत नद्या कुठून निघतात ते बरोबर विचारता."

ती टेबलाशी आली. तिने पांढरा रंग ढवळला आणि बारीक कुंचल्याने 'आपण' झाकायला सुरुवात केली: आधी आ, मग प, मग ण, मग रेघ. पहिल्या हाताखालून काळं डोकावत राहतं. वाळू द्यायचं, दुसरा हात द्यायचा. वाळायला दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत तिला करायला काहीच नव्हतं, आणि आज तिला नेमकं तेच नको होतं.

हात लिहितो तेव्हा डोकं कुठे असतं? हा शब्द काल संध्याकाळपासून तिच्या कानात होता आणि कानातून बोटांत उतरला, एवढंच. त्यात मनाचा कौल वगैरे काही नाही. बसमध्ये ऐकलेलं गाणं दिवसभर गुणगुणावं, तसं. पण तंतूमुळे 'म' बिघडला तेव्हा तिने थांबून बघितलं होतं, आणि हे मात्र बिनबोभाट, सुबक, एकही अक्षर न हलता उमटलं होतं... किती सुबक. गेल्या महिन्याभरातलं सगळ्यात चांगलं 'आ'.

'आ' तिला बापाकडून आलं होतं. असं ती मनातल्या मनात मानत आली होती, कोणाला न सांगता. बाप पाट्या रंगवायचा. शहरात अजून कुठे कुठे त्याच्या हातच्या पाट्या आहेत, एक कुलपांच्या दुकानावर, एक बंद पडलेल्या वाचनालयावर. ताईबरोबर जाताना त्या आल्या की ताई नकळत रस्ता ओलांडे, आणि लहानपणापासून तीही ओलांडत आली. बाप घर सोडून गेला तेव्हा ती पाच वर्षांची. त्याचा चेहरा तिला आठवत नाही, आवाज तर मुळीच नाही. आठवतं एवढंच की ती रंगाच्या पालथ्या डब्यावर बसली आहे, टर्पेंटाइनचा वास येतोय, ऊन आहे, आणि शिडीवर एक पाठमोरा माणूस 'आ'चा काना वरून खाली ओढतोय — एका श्वासात, न थांबता — आणि खाली आल्यावर कुंचल्याच्या मागच्या टोकाने तिच्या नाकाला ठिपका लावतोय. एवढंच. बाकी सगळं ताईने सांगितलेलं. आईचं आजारपण, तो रेडिओ, ते दार. तिच्या मनातला सगळा राग ताईच्या शब्दांत होता. पण हा डबा तिचा स्वतःचा होता. ह्या डब्यावर बसून ती इतकी वर्षं बापाचा नीट, समजून उमजून राग करत आली होती. डबा नसता तर तो राग ऐकीव झाला असता.

पांढरा रंग कडांनी वाळत आला होता, मध्ये अजून चमक होती. तिने फोन उचलला. ताईला काय विचारायचं हे ठरलेलं नव्हतं.

"बोल," ताई म्हणाली. मागे दुकानात काच घासायच्या यंत्राचा आवाज होता. "पटकन बोल, गिऱ्हाईक नाकावर फ्रेम घेऊन बसलंय."

"ताई, तो रंगाचा डबा. मी डब्यावर बसले होते आणि त्यांनी माझ्या नाकाला रंग लावला होता. ते कुठलं दुकान होतं गं?"

यंत्राचा आवाज बंद झाला.

"ते तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. आठवतंय मला."

"तुला कसं आठवेल? तू जन्मलीसुद्धा नव्हतीस. डब्यावर मी होते. बेकरी होती ती. हिरवा रंग, दोन दिवस निघत नव्हता, शाळेत सगळे हसले." ताई थांबली. "मीच कधीतरी सांगितलं असेल तुला. तापात वगैरे. गोष्ट सांग, गोष्ट सांग करायचीस. सगळ्या गोष्टी संपल्या की माणूस काहीही सांगतं."

हिरवा. तिच्या आठवणीत रंगाला रंगच नव्हता.

"आज जाणार आहेस का?" ताईने विचारलं.

"माहीत नाही. तू सकाळी म्हणालीस, तिथून इकडे यायचं नाही."

"म्हणाले."

"म्हणजे खरंच यायचं नाही?"

"हे बघ," ताई म्हणाली, "फुगे भरता भरता तुला माणसाचं प्रत्येक वाक्य छापील वाटायला लागलंय. ठेव. गिऱ्हाईक पळेल."

ती फोन हातात धरून बसली. म्हणजे यायचं की नाही? छापील नाही म्हणजे खोडता येईल असं, की छापायचीसुद्धा गरज नाही इतकं पक्कं? आणि डबा... डबा ताईचा. नाकावरचा ठिपका ताईचा. कधीतरी एका तापाच्या रात्री, बाप जाऊन वर्षं झाल्यावर, दारात तासभर उभं राहून आल्यावर, ताईने तो हिरवा ठिपका तोंडातून बाहेर काढला होता आणि तिच्या गरम कपाळाशी वाकून तिला देऊन टाकला होता. कोणत्या आवाजात सांगितला असेल? रागाने असली गोष्ट सांगता येत नाही. मग ताईचा राग कुठे होता त्या रात्री? आणि माझा... माझं ह्यात काय आहे? राग ताईचा, आठवण ताईची. मी आहे कुठे? कोणाच्या तरी तोंडाशी तरंगणारा फुगा, कोणीतरी भरलेला. आणि ज्याने काल मला माझ्या अंगावर सैल होणारा, 'ताई' हा नवाकोरा शब्द दिला, तो दोन दिवस झोपलेला नाही आणि त्याला आजचा वार माहीत नाही.

"वाळलं का गं?" काकांनी तिकडून विचारलं. "गाडीवाला खाली आलाय."

वाळलं होतं. तिने निब बुडवली आणि 'आम्ही' लिहिलं. तीन अक्षरांच्या जागी दोन. शब्द आखूड पडला, उजवीकडे पोकळी राहिली. ती तिने 'म्ही'ची वेलांटी थोडी रुंद घेऊन भरून काढली. मग रेघ. बोटाखाली पांढऱ्या रंगाचा जाड थर लागत होता. छापल्यावर तो कोणाला दिसणार नाही, कागदावर मात्र राहील. तळवा तिथेच होता, बोटभर अंतरावर. मधली मुलगी तशीच उभी होती, आणि आता तिला उत्तर मिळालं होतं की ती यातली नाही.

पान गेलं. चार वाजून अडतीस मिनिटं. काका म्हणाले, "आठ मिनिटं उशीर. तांबेऱ्याच्या खाती मांड." ती हसली, टेबल आवरलं, दिवा बंद केला आणि लिफ्टने खाली उतरली.

इस्पितळाकडे जाणारी बस आणि घराकडे जाणारी बस एकाच थांब्यावरून सुटत होत्या. घराकडची आधी आली, तेव्हा ती चढली नाही. त्यावरून काही ठरलं असं तिला वाटलं नाही, कारण गर्दी होती. दुसरी आली तेव्हा ती चढली, आणि खिडकीशी बसल्यावर स्वतःला सांगितलं की दारापर्यंत जायचं आणि बघायचं. काय बघायचं ते सांगितलं नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या लांब खोलीत सहा खाटा होत्या, प्रत्येकीभोवती फिकट पडदा. दारातल्या टेबलाशी बसलेल्या माणसाने विचारल्यावर तिने आडनाव सांगितलं, आणि त्याने पेनाने शेवटचा पडदा दाखवला. "मुलगा आत्ताच खाली औषधं आणायला गेलाय. बसा जाऊन. बोलतायत ते, चांगलेच बोलतायत. सकाळपासून आम्हाला सोडलेलं नाही."

ती पडद्यापर्यंत गेली. पडदा पुरता ओढलेला होता. आत नर्स काहीतरी बांधत असावी, पट्टीचा चरचर आवाज येत होता.

"आजोबा, आता पुरे. घशाला विश्रांती द्या."

"देणार आहे की. उद्यापासून कायमची. आज तरी बोलू द्या, बाई."

आवाज चिरका होता, मध्येच हवा निसटत होती, आणि तरी तिला पहिल्याच वाक्याला तो कळला. वाक्य सरळ निघायचं, मग शेवटचा शब्द अर्धा गिळून, जणू पुढचं तुमचं तुम्ही समजा; त्यात न दाखवलेलं हसू; आणि 'की'वर दिलेला तो किंचित हेलकावा. ती मागे वळून बघता बघता राहिली, कारण तिला वाटलं की ताई मागून आली. ताई नव्हती. पडद्याआड ताईचाच आवाज होता, म्हातारा झालेला, पुरुषाचा.

"आणि ती दारावरची पाटी कोणी रंगवली हो तुमच्या? 'शस्त्रक्रिया'तला 'स्त्र' बघितला का? पोटात दुखतंय त्याच्या. त्याला आधी टेबलावर घ्या, मला मागून घ्या."

नर्स हसली. तीही हसली असती, ओठ हललेही. एकोणतीस वर्षं जो आवाज आठवत नाही म्हणून ती हळहळत होती, तो रोज सकाळी तिला उठवत होता, चपला घालता घालता तिला दटावत होता, आज दुपारीच तिला म्हणाला होता की ठेव, गिऱ्हाईक पळेल. ताईला हे माहीत असेल? की ताई बोलते तेव्हा ताईलाही तो ऐकू येत असेल, रोज, प्रत्येक वाक्याला, आणि तरी ती बोलत राहिली... मग उद्या इथला थांबला तरी घरचा थांबणार नव्हता. आणि घरी तिला घेतलं नाही तर दोन्हीही थांबणार होते. हे कोणाला सांगायचं? कोणत्या शब्दात? ताईला सांगितलं तर ते चांगलं होईल की ह्याहून वाईट काही नसेल, हेही तिला कळेना.

मागे जिन्याशी पावलं वाजली. तो असेल, औषधं घेऊन. क्षणभरात तो तिला हाक मारेल, आणि आत ती ऐकू जाईल.

"...पूर्वी आम्ही रंग स्वतः घोटायचो," आतला आवाज सांगत होता, आणि नर्स हं हं करत होती, "हिरवा सगळ्यात नाठाळ..."

तिने पडद्याला हात लावला नाही आणि पाऊलही मागे घेतलं नाही. त्याने आता काहीही बोलावं, रंगाबद्दल, पाटीबद्दल, छतावरच्या पंख्याबद्दल. तिच्याबद्दल नको, आईबद्दल तर नकोच. पण थांबू नये. राग होता. तो कुठेही गेला नव्हता, चांगला छातीत होता, सकाळी होता तेवढाच. फक्त आता तो कोणाच्या बाजूने उभा आहे, ते त्याचं त्यालाच सांगता येत नव्हतं.